रेघ मारण्याआधी माया किती ठेवायची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही सांगलीजवळच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात तीन वर्षं शिकवताय. यंदा चौथ्या वर्षाचा नागरी रचनेचा स्टुडिओ, म्हणजे मुलांकडून शहराचे आराखडे करून घेण्याचा विषय, तुमच्या गळ्यात पडलाय. मुलं हुशार आहेत, शीटं देखणी येतात. पण जागा कुठलीही द्या, शीटवर तेच एक शहर उगवतं. काचेचे मनोरे, नदीकाठी लाकडी फळ्यांचा कट्टा आणि त्यावर कुत्रा फिरवणारी गोरी बाई. या मुलांना चांगली शहरं घडवायला शिकवायचं तर सुरुवात सिद्धांतापासून करू, परदेशी उदाहरणांपासून की सॉफ्टवेअरपासून, असं तुम्ही विचारलंय.

मी ३१ वर्षं नगररचनेच्या नोकरीत काढली, त्यातली बरीचशी लहान नगरपरिषदांच्या विकास योजना, म्हणजे गावात रस्ते, मैदानं कुठे होणार त्याचे आराखडे, करण्यात. निवृत्तीच्या थोडं आधीपासून स्टुडिओही घेते. माझं ऐकाल तर या तिन्हींपैकी कशापासूनच सुरुवात करू नका. तिन्ही लागतात, पण नंतर.

खरी अडचण वेगळी आहे. घराचं डिझाइन करताना मुलाच्या डोळ्यांसमोर कुणीतरी माणूस असतो, निदान स्वतःची आई तरी असते. ओटा उंच झाला तर आई काय म्हणेल हे त्याला कळतं. शहराच्या शीटवर असं कुणी नसतं. मूल २४ मीटर रुंदीचा रस्ता आखतं, शीट भिंतीवर लागतं, मार्क मिळतात, शीट गुंडाळून माळ्यावर जातं. त्या रेघेपुढे काय झालं असतं हे बघायची वेळच येत नाही. गंमत म्हणजे पुढे नोकरीतही ती येत नाही, कारण योजना २० वर्षांची असते आणि तोवर माणसाच्या चार बदल्या झालेल्या असतात. चांगला रचनाकार आणि नुसता चांगला चित्रकार यांच्यातला फरक मला इथेच दिसतो. रेघ आणि तिचा परिणाम यांची गाठ विद्यार्थिदशेतच घालून द्यायची, एवढं एक काम शिक्षकाने केलं तरी पुष्कळ.

हे मला कसं कळलं ते सांगते, कारण त्यात माझी चूक आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विकास योजनेचं काम होतं. गावाचं नाव नको. दोन जुन्या रस्त्यांना जोडणारा १२ मीटरचा रस्ता मी शीटवर आखला. अगदी सरळ, बघायला छान. योजना प्रसिद्ध झाली, हरकती आल्या, सुनावणी लागली. सुनावणीला एक शिंपी आला. हातात घरपट्टीच्या पावत्या आणि गळ्यात टेप, दुकानातून तसाच उठून आलेला. त्याने विचारलं, "बाई, नकाशावरची ही रेघ केवढी जाड?" मी म्हटलं, असेल अर्धा मिलिमीटर. "म्हणजे जागेवर किती?" शीट १:४००० ची होती. अर्धा मिलिमीटर म्हणजे दोन मीटर. त्याच्या घराची मागची खोली एवढीच होती. तो म्हणाला, "आम्ही कापड बेतताना दोन बोटं माया ठेवतो. तुमच्यात ठेवत नाहीत का?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी कलम सांगितलं असणार. रस्ता योजनेत तसाच राहिला. पुढे बरीच वर्षं तो झालाही नाही आणि रद्दही झाला नाही. या मधल्या काळात त्या शिंप्याला मागची खोली पक्की बांधायची परवानगी मिळेना. १९६६च्या आपल्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे: दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही तर त्या जागेवरचं योजनेचं आरक्षण उठतं. पण कलम माहीत असायला वकील लागतो. पुन्हा कधीतरी त्या गावावरून गेले, तेव्हा मागच्या खोलीवर पत्राच होता.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधीच कबूल करते. तुमचा वर्ग २० मुलांचा असेल तर पुढचं सगळं जमेल. ६० मुलांचा असेल तर निम्मं. प्राचार्य बाहेर जाऊ देतात की एकाच फील्ड व्हिजिटवर बोळवण करतात, यावर बरंच ठरतं. विद्यापीठाचा अभ्यासक्रम तुम्ही बदलू शकत नाही, पण स्टुडिओचा विषय बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्या हातात असतो. तेवढी फट पुरते. मुलं कुठली आहेत हेही पाहा. इस्लामपूर-तासगावकडून येणाऱ्या मुलाला ओढा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही; मोठ्या शहरात सोसायटीत वाढलेल्या मुलाला लागतं. उलट, बसने रोज प्रवास करणं कशाला म्हणतात ते त्याला जास्त ठाऊक असतं.

तुम्ही सांगलीत आहात हे मात्र तुमचं नशीब समजा. तिथे पाणी शिकवायला पुस्तक उघडावं लागत नाही.

पहिला आठवडा मी पुलावर घालवीन. कृष्णेवरचा १९२९चा आयर्विन पूल, त्यावरची पाण्याची पातळी मोजायची पट्टी. धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हे आकडे गावात सगळ्यांना पाठ असतात. मुलांना विचारा, पुलावरचे ४५ फूट म्हणजे तुझ्या खोलीत किती? वर्ग गप्प होईल. मग सूर्यवंशी प्लॉट या वस्तीत जाऊन तिथल्या एखाद्या बाईंना विचारा, पूल किती फुटांवर गेला की तुम्ही गॅस सिलेंडर वर चढवता? त्या आकडा सांगतील. मुलांच्या सर्व्हेच्या कागदावरची ही पहिली ओळ. नकाशा त्यानंतर.

यानंतरचा अभ्यास मला फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पुराचं पाणी एखाद्या वस्तीत शिरून दोन दिवस थांबलं, तर भिंतींवर जी रेघ उमटते ती त्या भागापुरती जवळपास एका पातळीत असते. म्हणजे नदीने तुमच्यासाठी लेव्हल घेऊनच ठेवलीय. मुलांनी फक्त घरोघरी त्या खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. इथे साडेपाच फूट, पुढच्या कोपऱ्यावर चार, शाळेजवळ अडीच. ५०-६० घरांचे आकडे नकाशावर टाकले की समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) हाताने काढता येतात, आणि ज्या गावाला सगळे 'सपाट' म्हणतात त्यात खोलगट जागा कुठे आहेत ते उघडं पडतं. दोन पथ्यं आहेत. ही युक्ती पाणी साचून राहिलं होतं तिथेच चालते, प्रवाहाच्या तोंडाशी नाही. आणि एक किलोमीटरभर ओढू नका, कारण पाण्यालाही उतार असतो. खूण रंगवून टाकली असेल तर घरातल्या बायकांना विचारा. पुरुष अंदाजाने छातीपर्यंत म्हणतात. बायका कुठल्या फडताळाच्या कितव्या फळीपर्यंत ते सांगतात.

जिथे खूणच नाही तिथे गवंड्याची पाण्याची नळी वापरायची. पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा नको, दोन टोकांना दोघं. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी, एवढंच विज्ञान. मुलं आधी हसतात, कारण त्यांच्याकडे लॅपटॉपवर उपग्रहाची उंची असते. ती मोफत मिळणारी उंची ३० मीटरच्या चौकटींची असते आणि त्यात काही मीटरची चूक सहज असू शकते. सह्याद्रीत त्याने बिघडत नाही. सांगलीत एका फुटाने घर बुडतं किंवा वाचतं.

हे झालं की निळी आणि लाल पूररेषा समजावणं सोपं जातं. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मुलांना, आणि खरं सांगायचं तर नगरसेवकांनाही, वाटतं की १०० वर्षांचा पूर २०१९ला येऊन गेला, आता २११९पर्यंत निवांत. मी फळ्यावर गणित करायला लावते. दरवर्षी शंभरात एक शक्यता धरली, तर ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के निघते. निळ्या रेषेच्या पुराची ७० टक्क्यांच्या वर. म्हणजे निळ्या रेषेत प्लॉट घेणाऱ्याने हप्त्यांच्या शेजारी पूरही मांडून ठेवायला हवा. हा आकडा स्वतः काढलेलं मूल नदीकाठी लाकडी कट्टा काढण्याआधी निदान थबकतं.

तरी लोक तिथे प्लॉट घेतातच, आणि ते का घेतात हे समजून घेणं हाही धडाच. गुंठेवारीचा विषय आपल्या कॉलेजांत जवळपास शिकवलाच जात नाही, आणि तुमच्या शहराचा केवढा तरी विस्तार गुंठेवारीत झालाय. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर विकलेले प्लॉट, गटारीला जागा नाही, रस्ता बैलगाडीपुरता. २००१ साली शासनाला अशा वस्त्या नियमित करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. विद्यार्थी याला 'अनधिकृत बांधकाम' असा शिक्का मारून मोकळे होतात. त्यांना एखाद्या कुटुंबाशी तासभर बोलायला बसवा. एन.ए. (रीतसर बिगरशेती) प्लॉटची किंमत काय होती, पगार काय होता, मुलीची शाळा कुठे होती. शेवटी मुलांनाच कळतं की त्या माणसाने त्याच्या परिस्थितीत चुकीचा निर्णय घेतला नव्हता. स्वस्त आणि कायदेशीर असा प्लॉट त्याला कुणी दिलाच नव्हता. तो कसा द्यायचा, हा स्टुडिओचा खरा विषय.

दुसरा अभ्यास चालण्याचा. १.८ मीटरची बांबूची काठी घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत फूटपाथवर चालायला निदान एवढी मोकळी रुंदी हवी असं म्हटलंय, आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. दोघांनी ती काठी आडवी धरून गावातल्या मुख्य रस्त्याच्या फूटपाथवरून चालायचं. जिथे अडेल तिथे खडूने फुली. विजेचा डबा, पायऱ्या, झाड, बुलेट, हातगाडी, केळीच्या सालीसकट सगळं लिहायचं. ३०० मीटरमध्ये किती फुल्या पडतात ते मी सांगत नाही, तुम्हीच मोजा. मग प्रत्येक फुलीपुढे लिहायचं: हे कुणाचं, हलवायचा अधिकार कुणाला? डबा वीज कंपनीचा, पायऱ्या दुकानदाराच्या, झाड उद्यान विभागाचं. हातगाडीला २०१४च्या पथविक्रेता कायद्याने हक्क दिलाय आणि तिच्याबद्दल ठरवणाऱ्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असायला हवेत. 'अतिक्रमण' या एका शब्दात मुलं हे सगळं कोंबतात. फुलीपुढे नाव लिहायला लागलं की तो शब्द आपोआप मागे पडतो.

याच रस्त्यावर तीन वेळा जायचं: सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ. मुलींनी आणि मुलांनी आपापल्या वेगळ्या नोंदी ठेवायच्या, मग शेजारी लावून वाचायच्या. मी नोकरीला लागले तेव्हा दिवसभर जमीन वापराचा सर्व्हे करत हिंडायचे आणि सकाळपासून पाणी प्यायचे नाही, कारण संध्याकाळपर्यंत बाईला जायला जागा नसायची. बरोबरचे सहकारी चांगले होते, पण त्यांच्या सर्व्हेच्या कागदात ही अडचण कधी आलीच नाही. माझ्या प्रत्येक बॅचला बायकांसाठीच्या चालू, कुलूप नसलेल्या स्वच्छतागृहांचा नकाशा करावाच लागतो. या कामाला फार वेळ लागत नाही. नकाशावर टिंबं फार नसतात.

इथवर पाणी मोजलं, चालणं मोजलं, मालकी विचारली. एकदाही डिझाइन केलेलं नाही, आणि सत्राचे पाच-सहा आठवडे गेलेत. मुलं कुरकुरतात, पालकही विचारतात. तुम्ही ढळू नका. आता पेन्सिल द्या.

पण रेघ मारली की सुनावणी. हा माझ्या स्टुडिओचा कणा आहे. कायद्यात काय होतं ते मुलांना नीट सांगायचं: प्रारूप योजना कलम २६खाली प्रसिद्ध होते, ३० दिवसांत हरकती व सूचना येतात, त्या ऐकायला नियोजन समिती बसते, तीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. मग वर्गात तीच समिती बसवायची. अर्धी मुलं हरकतदार. कुणी शेतकरी, कुणी बिल्डर, कुणी भाडेकरू, कुणी शाळेची मुख्याध्यापिका. प्रत्येकाच्या हातात खऱ्या सातबाऱ्याच्या किंवा मिळकत पत्रिकेच्या नमुन्यावर बेतलेला कागद, नावं बदललेली. ज्याने रेघ मारली त्यानेच उत्तर द्यायचं, आणि 'जनहितार्थ' हा शब्द वापरायला बंदी. एका वर्षी ही बंदी घातल्यावर एक मुलगा पाच मिनिटं उभा होता, तोंडातून शब्द फुटेना. त्याने पुढच्या आठवड्यात रस्ता आठ मीटर सरकवला, विहीर वाचवली आणि वळण का घेतलं ते दीड पान लिहून आणलं. ते दीड पान त्याच्या शीटपेक्षा सरस होतं.

इथे एक धोका आहे, तो सांगायला हवा. सुनावणीचा खेळ मुलांना इतका लागतो की हळूहळू कुणालाच न दुखावणारी योजना करण्याकडे त्यांचा कल जातो. रस्ता नको, मैदान नको, सगळं आहे तसंच राहू दे. हेही चुकीचंच. मैदान कुणाच्या तरी जमिनीवरच होणार आहे. तेव्हा समितीच्या दुसऱ्या फेरीत मी हरकतदार म्हणून दहा वर्षांचा मुलगा आणते, ज्याला खेळायला जागा नाही आणि जो हरकत लिहायला कधीच येणार नाही. त्याची बाजू कुणीतरी मांडायची. कुणाचं किती नुकसान, मोबदला कसा, जमिनीच्या बदल्यात टी.डी.आर. (दुसरीकडे जास्त बांधकाम करायचा हक्क) देता येईल का, की नगररचना परियोजना करून सगळ्यांच्याच प्लॉटमधून थोडी थोडी जमीन घ्यायची, हे प्रश्न मग आपोआप येतात. परियोजनेचं तंत्र आपल्याकडे १९१५च्या मुंबई नगररचना कायद्यापासून आहे. पुढे गुजरातने ते नेटाने वापरलं, आपण बरीच वर्षं बासनात ठेवलं. एकाच मालकाचं सगळं जाण्याऐवजी सर्वांचं थोडं जातं आणि रस्ता, गटार, मैदान सगळ्यांना मिळतं. शिंप्याच्या भाषेत, माया सगळ्या कापडातून काढायची.

तुम्हाला सिद्धांत हवा असेल तर तो इथे आणा, आणि आपल्या मातीतला आणा. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, १९१४ला भारतात आले. १९१९ला मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग निघाला त्याचे ते पहिले प्राध्यापक. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांच्याच पारखीतून पुढे आले. म्हणजे शहर हा विषय मुंबई विद्यापीठात आला तो समाजशास्त्राच्या दारातून, हे आर्किटेक्टांना आठवण करून द्यायला मला आवडतं. गेडिस आधी गल्लीबोळ पायी तुडवायचे आणि मग रुंद रस्त्यासाठी वस्ती फोडण्याऐवजी चार-दोन पडकी घरं काढून हवा-उजेड खेळवायचं सुचवायचे. होळकरांच्या इंदूरमध्ये प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली. उंदराचा भलामोठा पुतळा, घाणीचा राक्षस आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, हार घातलेले सफाई कामगार. जिथे लोकांनी घरं आणि रस्ते सर्वात जास्त साफ केले असतील तिथून मिरवणूक जाणार, असं आधी जाहीर केलं होतं. लोकांनी आपण होऊन गाव झाडून काढलं. इंदूरवरचा त्यांचा अहवाल १९१८चा आहे. हा किस्सा सांगून झाला की मुलांना विचारा, तुमच्या शीटवर सफाई कामगार कुठे आहे?

आणि उलट उदाहरण हवं असेल तर किल्लारीला घेऊन जा. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातली सर्वाधिक हानी झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं. संकटाच्या मानाने काम प्रचंड होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण बऱ्याच ठिकाणी आराखडा चौकटीचा आला: रुंद सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, शहरातल्या कॉलनीसारखे. जुन्या गावात भावकीची घरं एकमेकांना लागून होती, दारापुढे ओटा, आत चौक, बोळात सावली. नव्या गावात शेजार विखुरला आणि दुपारी रस्त्यावर बसायला सावलीच नाही. लोकांनी मग हळूहळू आपलं गाव परत बेतलं. पुढे पत्र्याची पडवी, बाजूला भिंत घालून अंगण, ओटा. मुलांना मूळ नकाशा हातात द्यायचा आणि लोकांनी नंतर काय जोडलं ते लाल शाईने काढायला लावायचं. आराखड्याने काय ओळखलं नव्हतं, ते सगळं त्या लाल शाईत असतं.

पैशांचं थोडक्यात. प्रत्येक गटाने आपल्या प्रस्तावातल्या फक्त १०० मीटर फूटपाथचं अंदाजपत्रक शासनाच्या दरसूचीवरून करायचं. शेवटची ओळ सक्तीची: दरवर्षीच्या देखभालीला किती आणि कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून. त्या ओळीवर बहुतेक कारंजी बंद पडतात.

ज्युरीला, म्हणजे सत्राच्या शेवटी मुलांचं काम तपासायला, फक्त आर्किटेक्ट बोलावू नका. वॉर्डाचा कनिष्ठ अभियंता, एखादी रिक्षावाली किंवा दुकानदार, आणि आरोग्य विभागाचा मुकादम बोलवा. त्यांचा चहा-नाश्ता, येण्याजाण्याचा खर्च नीट द्या; त्यांचा दिवस मोडतो. एकदा एका गटाने फार सुंदर पादचारी चौक काढला होता. आम्ही तीन आर्किटेक्ट कमानींच्या प्रमाणावर बोलत होतो. मुकादमांनी एकच विचारलं, "घंटागाडी आत शिरणार कशी, आणि वळणार कुठे?" मुलं म्हणाली, कचरा जमिनीखालून नेऊ. मुकादम हसले नाहीत. "तो उपसायला कोण उतरणार?" एवढंच म्हणाले. त्या वर्षी सर्वात जास्त शिकवलं ते त्यांनी.

तुमचं सॉफ्टवेअर राहिलं. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, दोन शनिवारांत कामापुरतं येतं, आणि आपल्या काठीच्या फुल्या त्यात टाकायच्या असल्या की मुलं आपण होऊन शिकतात. परदेशी उदाहरणं सत्राच्या शेवटी दाखवा. स्वतःच्या गल्लीचा कर्ब (फूटपाथच्या कडेचा दगड) मोजलेलं मूल कोपनहेगनचा फोटो बघताना कर्बकडेच बघतं. त्या गोऱ्या बाईकडे मग कुणाचं लक्ष जात नाही.

"पण ही मुलं पुण्याला किंवा दुबईला जाणार, सांगलीच्या गटारीचा त्यांना काय उपयोग?" असंही तुम्ही लिहिलंय. जातील, जाऊ द्या. पाण्याला उतार दुबईतही लागतो. आणि जी राहतील त्यांच्यासाठी काम ढिगाने पडलंय. नीती आयोगाने २०२१ला नागरी नियोजनावर अहवाल काढला. त्यात राज्यांच्या नगररचना विभागांत मिळून चार हजारांच्या आतच मंजूर पदं आणि त्यातलीही ४२ टक्के रिकामी, असं चित्र होतं. देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी जवळपास ६५ टक्क्यांना तेव्हा विकास आराखडाच नव्हता. सहायक नगर रचनाकाराची परीक्षा आपल्याकडे लोकसेवा आयोग घेतो. वर्गातल्या दोघांनी जरी दिली तरी एखाद्या गावाचं भलं होईल. पगार दुबईएवढा नाही, हे मात्र त्यांना आधीच सांगा.

शेवटी एक काम खरंखुरं करून बघायला लावा, कितीही लहान. मी शाळेसमोरचा चौक घेते. वाहतूक पोलिसांची परवानगी काढायची (वेळ लागतो, सत्राच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका), रविवारी पहाटे चुन्याच्या फक्कीने फूटपाथचा कोपरा वाढवायचा, कबड्डीचं मैदान आखतो तसा, कडेला कुंड्या किंवा टायर, आणि सोमवारी शाळा सुटताना तिथे उभं राहून बघायचं. मुलं कुठून रस्ता ओलांडतात, रिक्षा कुठे अडतात, कोण शिव्या देतं. संध्याकाळी फक्की झाडून टाकायची. चूक झाली तर एका दिवसाची. माझ्या पहिल्या रस्त्यासारखी २० वर्षं कुणाच्या डोक्यावर बसत नाही.

तुमची नदीची मोजणी जूनच्या आधी उरका, एकदा पाऊस लागला की बाहेर पडणं अवघड. आणि नळी घ्याल ती १५ मीटरची घ्या. पाचची स्वस्त मिळते, पण गल्लीच्या पलीकडे पोचत नाही.